नवऱ्याला दोनदा विचारलं

आमच्या चर्चमधल्या निम्म्या पाळकांच्या तोंडात माझ्या आईने केलेले दात आहेत, आणि त्याच दातांनी ते तिच्या लग्नाला नाही म्हणायला निघाले होते. म्हणजे बघा! घास चावायला आईचे दात, उपदेश करायला आईचे दात, आणि शेवटी आईलाच चावायला तेच.

हे मी आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "हळू बोल. आणि कवळीने कुणाला चावता येत नाही, निघून हातात येते."

आई कवळ्या करते. बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली तिची खोली आहे. मांडणीवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले, टेबलावर मेण, छोटा दिवा, कोरायच्या सुऱ्या आणि घासून चकाकी आणायचं एक यंत्र, जे सुरू झालं की शेजारचा शिंपी भिंतीवर थाप मारतो. कवळी तयार झाली की आई माणसाला समोर बसवते आणि म्हणायला लावते, "सासू, सून, सासू, सून." 'स' म्हणताना शिट्टी वाजली नाही तर दात बसले. आमच्या बिशपसाहेबांनाही तिने "सासू, सून" म्हणायला लावलं होतं, आणि ते बिचारे अविवाहित.

मी शाळेत खेळ शिकवते. शिट्टी फुंकणं हाच माझा धंदा, त्यामुळे धीर हा गुण माझ्यात नाही. त्या बुधवारी सकाळी तर मी शाळेला दांडी मारून, शिट्टी खिशात तशीच ठेवून, चर्चच्या मागच्या बोळातल्या बाकावर बसले होते आणि पाय थांबत नव्हते. शनिवारी आईचं लग्न होतं. होतं म्हणजे, आत बसलेल्यांनी होऊ दिलं तर.

नवरदेवाची गोष्ट आधी सांगते. आमच्या चर्चच्या ऑर्गनचा एक सूर अडकायचा. एकदा दाबला की सुटायचा नाही. उपासना संपून लोक घरी गेले तरी भोंगा चालूच. तो दुरुस्त करायला हे गृहस्थ आले. मी त्यांना सूरवाले म्हणते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, स्वभाव इतका मऊ की रागावले तरी माफी मागितल्यासारखं वाटतं. काम करताना स्क्रू दातात धरायची खोड होती. सूर सुटला त्या आनंदात त्यांनी स्क्रू चावला आणि पुढच्या दाताचा तुकडा पडला. कुणीतरी आईचा पत्ता दिला. झालं! एका दातासाठी माणसाने इतके हेलपाटे घातले की मला कळेना, हे दात बसवून घेताहेत की घराचा पाया. शेवटी एक दिवस आईच मला म्हणाली, "त्यांचा दात कधीच बसलाय. मी सांगितलं नाही." आणि लाजली. माझी आई! मी तिच्या गळ्यातच पडले.

आता अडचण. माझे वडील जिवंत आहेत. मी शाळेत शिकत असताना ते घर सोडून गेले. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही, इस्त्रीचे शर्ट नीट भरून गेले. कोर्टात रीतसर फारकत झाली, दुसऱ्या गावी त्यांचा दुसरा संसार आहे. पण पहिला जोडीदार हयात असताना कुणाला चर्चमध्ये दुसरं लग्न करायचं असेल, तर आमच्यात ते पाळकांच्या सभेपुढे जातं. आणि लग्नाच्या बाबतीत आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. बिशपसाहेब विचारतात, "हजर असलेल्यांपैकी कुणाची हरकत?" सगळ्यांनी "नाही" म्हटलं तर काम झालं. एकानेही "आहे" म्हटलं की खेळ खलास.

तो एक कोण, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आमचे थोरले पाळक. मी लहानपणापासून त्यांना मनातल्या मनात कुलूपकाका म्हणते, कारण प्रत्येक लग्नात त्यांचा उपदेश एकच: "विवाह हे कुलूप आहे. ते लागलं की किल्ली देवाच्या खिशात." माणूस वाईट नाही. आजाऱ्याला भेटायला पहिले जाणार, कुणाच्या मयताला शेवटपर्यंत थांबणार. पण नियमाला हात लावायचा नाही. त्यांच्या विरुद्ध बाजूला आमचे तरुण पाळक उभे होते, ज्यांना मी पळतेपाळक म्हणते. ते जिन्यावरून, रस्त्यावरून, बोलताना, सगळीकडे पळतच असतात.

सभेच्या खोलीच्या दाराची कडी मोडकी होती. दार लावलं की आपोआप वीतभर उघडायचं. देव दयाळू आहे म्हणतात ते काही खोटं नाही.

माझ्या एका बाजूला सूरवाले, रुमालाने मान पुसत. दुसऱ्या बाजूला आई, मांडीवर जुनं फडकं पसरून बारीक कागदाने कुणाचीतरी खालची कवळी घासत. ही माझी आई. जग बुडायला लागलं तरी ती म्हणेल, थांबा, एवढी कड गुळगुळीत करते.

"नातं मरू शकतं!" पळतेपाळकांचा आवाज आला. "माणूस जिवंत असतो आणि नातं मेलेलं असतं. आपण मेलेल्याला मेलेलं म्हणायला का घाबरतो?"

"मरण माणसाला येतं, वचनाला नाही," कुलूपकाका म्हणाले. एकेक शब्द स्वच्छ. 'स' तर असा की आईने नकळत मान डोलावली. "आज विवाहाचं वचन मरतं म्हणा. उद्या बाप्तिस्म्याचं मरेल. परवा मी आणि तुम्ही पाळक होताना जे वचन दिलं, ते मरेल. मग रविवारी त्या लोकांसमोर आपण कोण म्हणून उभं राहायचं?"

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. मला फार राग आला.

मग त्यांनी सूरवाल्यांना आत बोलावलं. सगळी परिस्थिती माहीत आहे ना, तरी लग्न करायचं आहे? "होय," सूरवाले म्हणाले आणि बाहेर आले. पुन्हा वादावादी. पुन्हा सूरवाल्यांना बोलावणं. बाईंचा पहिला नवरा उद्या दारात येऊन उभा राहिला तर काय कराल?

"बसायला खुर्ची देईन," सूरवाले म्हणाले. "त्यापुढचं बाई ठरवतील."

आत कुणीतरी खुदकन हसलं. बिशपसाहेबांनी चमचा कपावर वाजवला आणि चहाची सुट्टी झाली.

पळतेपाळक कप घेऊन माझ्याकडे पळत आले. चेहरा पडलेला. "बाकी सगळे तयार आहेत. थोरले हलत नाहीत. तसूभर नाही."

"सोडा हो," मी म्हटलं. त्यांना जरा हसवावं म्हणून मी आमच्या घरातला जुना विनोद सांगितला. माझी मावशी तो घरातल्या प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात, बारशात सांगते. आई-वडिलांचं लग्न याच चर्चमध्ये, याच कुलूपकाकांनी लावलं. तेव्हा ते या चर्चमध्ये नवीनच आले होते, आणि नेमकी त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. एक गाल लिंबाएवढा सुजलेला. ज्या बाजूला नवरी उभी, त्याच बाजूचा. मान तिकडे वळेचना. त्यांनी नवऱ्याला विचारलं, हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का? बाबा म्हणाले, होय. आता नवरीला विचारायचं. तर कळ आली, डोळे मिटले, मान पुन्हा नवऱ्याच्याच बाजूला गेली आणि त्यांनी पुन्हा बाबांनाच विचारलं! बाबा म्हणाले, "होय, म्हटलं की!" सगळं चर्च हसलं, त्या हशात ऑर्गन सुरू झाला, आणि लग्न लागलं. मावशी शेवटी टाळी वाजवून म्हणते, "नवऱ्याला दोनदा विचारलं आणि नवरीला एकदाही नाही!"

पळतेपाळक हसले नाहीत. त्यांचा कप कलता कलता इतका कलला की चहा बुटावर सांडला.

"विचारलंच नाही?" ते म्हणाले. "त्या होय म्हणाल्याच नाहीत?"

"नाही ना. तोच तर विनोद."

"अहो, संमती नाही तर विवाह नाही! हे तर थोरलेसुद्धा मानतात! तो विवाह झालाच नाही!" आणि ते पळाले. या वेळी पळायला कारण तरी होतं.

मी आईचा दंड धरून हलवला. "आई, सुटलो! आई, कुलूप लागलंच नव्हतं!" आईच्या हातातला कागद थांबला. मला वाटलं, आनंदाने.

आत पळतेपाळकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मग बिशपसाहेबांचा आवाज. "पाळकसाहेब, हे खरं आहे?"

मी दाराच्या फटीतून बघितलं. कुलूपकाका टेबलाकडे बघत होते. कान लाल झाले होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "दाढ ठणकत होती."

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. कुलूपकाकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नवरीने होय म्हटलं नसेल, तर कुलूप लागलंच नाही. मीच ते लावलं नाही. मग माझी हरकत नाही."

माझी हरकत नाही! कुलूपकाकांच्या तोंडून! बोळात मी एका पायावर नाचले. सूरवाल्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

आईला आत बोलावलं. ती तशीच उठली, हातात कवळी घेऊन. मी दारातून डोकं आत घातलं. कुणी हाकललं नाही.

बिशपसाहेब अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही एवढंच सांगा की तुम्हाला विचारलं नव्हतं आणि तुम्ही होय म्हटलं नव्हतं. मग पहिला विवाह झालाच नव्हता असं आम्ही ठरवून टाकतो. शनिवारी खुशाल लग्न करा."

"झालाच नव्हता?" आई म्हणाली.

"चर्चच्या दृष्टीने."

"मग ही?" आईने हातातल्या कवळीने माझ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. सगळ्या पाळकांनी माना वळवून दारातल्या माझ्या डोक्याकडे बघितलं.

"मुलीला काही बाधा येत नाही," पळतेपाळक घाईने म्हणाले. "त्याची सोय आहे."

"सोयीचं नाही विचारत मी." आईचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ओळखीचा होता. हा आवाज लागला की गिऱ्हाईक मुकाट्याने तोंड उघडतं. "मला विचारलं नव्हतं हे खरं. पण मी तिथून पळून नाही गेले. मनात म्हटलं होतं होय. घरी जाऊन म्हटलं. ही झाली तेव्हा दवाखान्यात म्हटलं. बरी वर्षंही गेली आमची, सगळीच काही वाईट नव्हती. ती झालीच नाहीत असं मी कसं म्हणू? दात पडलेल्या माणसाला मी सांगते का, की तुम्हाला दात नव्हतेच? होते. पडले. म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आलात."

निम्म्या टेबलाने तोंड मिटलं.

"आई!" मी ओरडले. जिंकलेला सामना होता हो. चेंडू हातात होता.

"तू गप," आई म्हणाली.

आणि मी गप्प झाले. कारण तेव्हाच लक्षात आलं, की मी इतका वेळ एका पायावर नाचत होते ते कशासाठी. माझ्या आई-वडिलांचं लग्न पुसून टाकायला. बाबा मला खांद्यावर घेऊन बाजारातून आणायचे, आई जिन्याखालून हात करायची, ते सगळं झालंच नव्हतं म्हणून. मला ते हवं होतं. आई नसती बोलली तर मी ते हसत हसत देऊन टाकलं असतं.

कुलूपकाका उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही खरं बोललात. पण मग विवाह झाला होता. आणि झाला होता, तर आहे. माझी हरकत परत आली."

संपलं. पळतेपाळकांनी कपाळाला हात लावला.

"ठीक आहे," आई म्हणाली. "मग कोर्टात करू. तिथे सही केली की होतं." ती वळली आणि परत थांबली. "इथे करायचं होतं ते वेगळ्या कारणाने. कोर्टात नुसतं विचारतात, नाव बरोबर आहे का. इथे तो प्रश्न विचारतात. एवढी लग्नं पाहिली मी, सगळ्या मुलींना विचारताना ऐकलं. मला एकदा तो प्रश्न ऐकायचा होता. माझं नाव घेऊन."

कुलूपकाका अजून उभेच होते. ते बिशपसाहेबांकडे वळले. "साहेब, सकाळपासून त्या गृहस्थांना आपण किती वेळा आत बोलावलं?"

"दोनदा," बिशपसाहेब म्हणाले.

"आणि बाईंना?"

बिशपसाहेबांनी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"परत तेच केलं मी," कुलूपकाका म्हणाले. "आणि आज तर दाढही नाही."

मग ते आईकडे वळले. नुसती मान नाही, अख्खे वळले, खुर्ची सरकवून. "बाई, मी तुम्हाला विचारतो. तो विवाह आज आहे का?"

"नाही."

"केव्हा संपला?"

आईने विचार केला. "ते गेले तेव्हा नाही. कोर्टातही नाही. त्यांना तिकडे बाळ झाल्याची बातमी आली, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. आणि मला खरंच बरं वाटलं. त्या दिवशी कळलं, संपलंय."

कुलूपकाकांनी बराच वेळ मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही अशी. "माझं मत आहे तेच आहे," ते म्हणाले. "या वयात दात नवे येत नाहीत, मतं कुठून येणार? सभेत मला विचारलंत तर मला हरकत आहेच म्हणावं लागेल." त्यांनी काठी घेतली. "पण बिशपसाहेब, माझी कवळी टोचते आहे. मी जरा बाहेर जाऊन येतो."

"टोचते?" आई दचकली. "कुठे टोचते? मागच्याच महिन्यात..."

"बाई," बिशपसाहेब म्हणाले, "त्यांना जाऊ द्या."

कुलूपकाका बाहेर आले, दार ओढून घेतलं, ते वीतभर उघडलं, आणि ते बाकावर माझ्याशेजारी बसले. मी हळूच विचारलं, "खरंच टोचते?"

"छे! लोण्यासारखी बसली आहे." मग ते माझ्याकडे वळले, तसेच अख्खे. "आणि तुला विचारलं का गं कुणी? तुझी काही हरकत?"

सगळ्या गावाला आमंत्रणं मी वाटली होती. आईच्या कपड्यांचा रंग मी ठरवला होता. सकाळपासून उड्या मीच मारत होते. पण विचारलं नव्हतं कुणीच. मला एकदम लहान मुलीसारखं रडू फुटलं. बाबा परत येणार नाहीत हे मला कधीचंच माहीत होतं, तरी त्या बाकावर ते पहिल्यांदा पुरतं कळलं. सूरवाल्यांनी त्यांचा ओला रुमाल माझ्यापुढे धरला, आणि मी तो घेतला.

"नाही," मी म्हटलं. "माझी हरकत नाही."

"बरं," कुलूपकाका म्हणाले, आणि आम्ही तिघंही फटीकडे कान देऊन बसलो.

"हजर असलेल्यांपैकी," आत बिशपसाहेब प्रत्येक शब्दावर जोर देत म्हणाले, "कुणाची हरकत?"

"नाही." "नाही." "नाही." "अजिबात नाही!" हे पळतेपाळक. इतके नकार ऐकून आजवर कुणी नाचलं नसेल. मी खिशातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की रस्त्यावरची सायकलवाली ब्रेक मारून थांबली.

शनिवारी चर्च भरलं होतं. लग्न पळतेपाळक लावणार होते. कुलूपकाका आले, पण शेवटच्या बाकावर बसले. दारात मला म्हणाले, "मी आशीर्वादाला आलेलो नाही. फक्त बघायला आलोय, नीट विचारतात की नाही." मी मावशीशेजारी पुढे बसले. मावशीचा विनोद तिच्या ओठावर होता. मी तिला आधीच ताकीद दिली होती.

पळतेपाळकांनी सूरवाल्यांना विचारलं. सूरवाले म्हणाले, "होय," इतकं हळू की ते फक्त आईला आणि देवाला ऐकू गेलं. मग पळतेपाळक आईकडे वळले. त्यांनी तिचं नाव घेतलं. "या पुरुषाला तुम्ही..."

"होय!" आई म्हणाली.

सगळं चर्च हसायला लागलं. आईने तोंडावर हात ठेवला. ऑर्गनवर बसलेल्या बाईंनी हात उचललेसुद्धा. तेवढ्यात मागून काठी आपटली.

"थांबा!" कुलूपकाका उभे राहून ओरडले. "प्रश्न पूर्ण होऊ द्या, बाई! पुन्हा विचारा त्यांना! पहिल्यापासून!"

हसणं थांबलं. पळतेपाळकांनी घसा साफ केला आणि पुन्हा विचारलं. पहिल्यापासून, आईचं नाव घेऊन, शेवटच्या शब्दापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच ते पळत नव्हते. आईने सगळा प्रश्न ऐकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही. मग ती एकदा मागे, शेवटच्या बाकाकडे वळून हसली आणि परत पुढे बघून म्हणाली, "होय."

मावशीला अखेर राहवलं नाही. ती माझ्या कानाशी लागली. "तेव्हा त्याला दोनदा विचारलं. आता हिलाही दोनदा. फिट्टंफाट!"